बरोबर चालायचं नाही

सहा मिनिटं चालण्याच्या तपासणीत माझं काम एवढंच: पेशंटला चालायला लावायचं आणि आपण खांबासारखं उभं राहायचं. बरोबर चालायचं नाही. चाललं की पेशंट आमचा वेग धरतो आणि आकडा खोटा येतो. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, या शंकूपासून त्या शंकूपर्यंत एक फेरी. अकरा वर्षं हेच करतेय.

त्या दिवशी पेशंट माझे बाबाच होते. नात्यातल्या माणसाची तपासणी करू नये, पण दुसरं कोणी कामावरच नव्हतं. तीस वर्षं गिरणीतलं पीठ फुप्फुसात भरून घेतलेला माणूस. तीनशे मीटर झाले तरच ऑपरेशन, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मागच्या वेळी दोनशे सत्तरच झाले होते.

"हसायचं नाही हं मला," बाबा म्हणाले आणि निघाले.

सातवी फेरी संपवून त्यांनी पलीकडच्या शंकूपाशी भिंत धरली. खांदे कानापर्यंत चढलेले, ओठ निळसर. जेमतेम दीड मिनिट उरलं होतं. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण मी जागची हलले नाही.

"छान चाललंय. जमेल तसं पुन्हा चालायला लागा," मी नेहमीचं वाक्य म्हटलं. आवाज फाटला मेला.

त्यांनी भिंत सोडली. कुणीतरी धरल्यासारखं उजवं कोपर जरा बाहेर काढलं आणि चालू लागले. ताठ, भराभर, बाजूला मान वळवून काहीतरी बोलत.

कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच होतो.

त्यांच्या सपाता वाजत होत्या. मधूनच आणखी एक जोडी.

सहा मिनिटं संपताना ते माझ्यापाशी पोचले. बरोबर तीनशे. मी रडतच त्यांना खुर्चीत बसवलं. "बाबा, जिंकलात की हो!"

"तुझ्या त्या बाईंनी ओढत आणलं गं. हात केवढा गार त्यांचा!"

"कोणत्या बाई?"

"मी म्हटलं, श्वास पुरत नाही. तर म्हणाल्या, मग घेऊच नका."

त्यांच्या बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन नव्व्याण्णव दिसत होता. इतका त्यांचा कधीच नसतो. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

छाती हलत नव्हती.

"बाबा, श्वास घ्या. घ्या ना!"

त्यांनी माझ्या खांद्यावरून कॉरिडॉरच्या टोकाकडे पाहिलं.

"आता घेऊ का?" त्यांनी विचारलं.

जरा थांबले. "बरं," म्हणाले, आणि तोंड मिटून घेतलं.