चारशे सतरा नंबरची बदली

संघमित्रा त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही. दुपारी तीनला करी रोडवर पुन्हा गिरणीचा भोंगा वाजणार होता आणि तो ती वाजवणार होती; अशा दिवशी डबा कोणाला सुचतो?

तिचं काम नकाशांचं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं म्हणून इथे तलाव खोदला, चिमणी उभी राहिली, आणि भोंगा जिथवर ऐकू जाई तिथवर चाळी वाढल्या, असं तिचं म्हणणं. वीज आली, तलाव बुजला. गिरणी गेली, चिमणीच्या जागी बेचाळीस मजले चढले. पण भोंग्याची हद्द अजून मोजता येईल, हे खूळ तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. टॉवरच्या पायथ्याशी सूतकताईची एक शेड पाडायची राहिली होती. तिच्या छपरावर तिने कर्णे चढवले आणि सहकारी विनीतला आवाज येतो का ते पाहायला डिलाईल रोडला पिटाळलं.

आणखी एक कारण तिने विनीतला सांगितलं नव्हतं. तिचा आजोबा सीताराम याच शेडमध्ये बदली कामगार होता. कायम कामगार आला नाही की गेटवर ताटकळणाऱ्या बदल्यांपैकी एकाला आत घेत. संपाच्या आदल्या वर्षी तो असाच आत गेला आणि परत आला नाही. त्याचा पितळी बिल्ला, नंबर चारशे सतरा, तेवढा गेटवर सापडला. पळून गेला, असं चाळीत म्हणाले. तिचे पप्पा गंगाधर तेव्हा सहा वर्षांचे होते. ते आजही एवढंच म्हणत, "बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, असा नियम होता. माझ्या बाला बदलीच आला नसेल." तो पळाला नव्हता, एवढं तिला पप्पांसाठी कळायला हवं होतं.

तीनच्या ठोक्याला तिने बटण दाबलं. भोंगा असा उठला की आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विनीतचा फोन आला. स्वच्छ ऐकू आला म्हणे, दोन्ही वेळा.

तिने एकदाच वाजवला होता.

शेडमधून गरम तेलाचा वास येऊ लागला, मग ओल्या सुताचा. पायाखालची फरशी थरथरली. खरं तर भ्यायला हवं होतं. तिला मात्र हर्षच झाला. आतून कोणीतरी रोजच्या, कंटाळलेल्या आवाजात विचारलं,

"चारशे सतराची बदली... कोण आहे?"

घरून आणलेला त्याचा बिल्ला तिच्या मुठीत होता. म्हणजे आजोबा आतच होता! तिला राहवलं नाही.

"हजर," म्हणत ती आत शिरली.

तिच्या खांद्याला घासून कोणीतरी घाईघाईने बाहेर गेलं. तोंडावर कापसाचे तंतू उडाले. आत काळोखात यंत्रांच्या रांगा फिरत होत्या.

जरा वेळाने पप्पांचा फोन आला.

"मित्रा... बा आलाय गं. दारात उभा आहे. तसाच, तिशीतला. केसांत कापूस..." ते रडत हसत होते. "म्हणतोय, माझ्या जागी एक पोरगी आली... मित्रा? तुझ्यामागे कसला आवाज आहे?"

तिला पुष्कळ सांगायचं होतं. यंत्रांच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हात आपोआप तुटलेलं सूत जोडत होते. दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन होतं, उभ्या गाड्या दिसत होत्या. पाऊल तेवढं उचलत नव्हतं.

मग दारात विनीत आला, कर्णे उतरवायला. डोळ्यांवर हात धरून तो आत डोकावला. तिच्या पाठीमागे कोणीतरी कंटाळून घसा खाकरला.

"चारशे सतराची बदली..."

विनीतला नको म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं.