खोट्या लाउंजमधला प्रवासी

"ओ भाऊ, तो पाना ठेवा खाली अन् पाच मिनिटं प्रवासी व्हा!"

छाया मॅडमनी असं फर्मावलं तेव्हा तो स्टुलावर चढून एसीचं झाकण उघडत होता. सावंगीत त्याचं दुरुस्तीचं दुकान. नाव अश्वजित. वर्ध्यात औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक क्लास चालतो, तिथला एसी गार करत नाही, एवढाच निरोप त्याला मिळाला होता. खाली उतरून बघतो तर मऊ सोफे, कॉफीचं मशीन, झाकणाची चकचकीत भांडी आणि गळ्यात रुमाल बांधून ताठ उभ्या राहिलेल्या आठ पोरी.

त्यातली पहिली पुढे आली. ती नंदिनी, समुद्रपूरच्या बाबारावांची थोरली.

"सर, आपला बोर्डिंग पास?"

त्यानं खिसे चाचपले. एसटीचं तिकीट काढून पुढे केलं. "सावंगी ते वर्धा. चालते काय?"

पोरी फिसकन हसल्या. नंदिनीनं ओठ चावला, तिकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि नीट वाचलं. "स्वागत आहे, सर. प्रवास कसा झाला?"

"उभ्यानं आलो. तुमच्यासारखं 'बसा' म्हणणारं कोणी भेटलंच नाई..."

तिनं मान खाली घातली. पण कान लाल झाले, ते काही लपले नाहीत.

विमानतळावरच्या लाउंजमध्ये काम करायचं कसं, ते तिथं शिकवत. छाया मॅडमनी आठ वर्षं तशी नोकरी केली होती. त्या म्हणत, "महागड्या तिकिटाचा माणूस आपल्याकडे का येतो? बाहेरच्या गर्दीतून सुटायला. त्याला रांग नको, गोंगाट नको. गरम जेवण, आंघोळीला गरम पाणी, टेकायला मऊ खुर्ची. आणि पोरींनो, आपल्या लाउंजमध्ये विमानाचा पुकारा होत नाही. वेळ झाली की आपणच जवळ जाऊन हळू सांगायचं. झोपला असेल तर अंगाला हात न लावता उठवायचं. नाही उठला तर त्याचं विमान गेलं, आणि आपली नोकरीही!"

एसी अर्ध्या तासात गार झाला. तरी दोन दिवसांनी अश्वजित सावंगीहून पुन्हा हजर. कधी गॅस पाहायचा होता, कधी जाळी धुवायची होती. मॅडम काय समजायचं ते समजल्या आणि म्हणाल्या, "आलाच आहेस तर झोप तिथं सोफ्यावर. पोरींना सराव होईल."

मग तो झोपायचा. नंदिनी त्याच्या कानाच्या उंचीवर वाकायची. "सर... सर, आपल्या विमानाची वेळ झाली." तिसऱ्या 'सर'ला एक डोळा उघडायचा.

"कोणतं विमान?"

"हैद्राबादचं."

"मले नाई जायचं हैद्राबादले."

"मंग कुठं जायचं?"

"जिथं तू—" तो थांबायचा. "जिथं कॉफी मिळन तिथं."

त्या अडलेल्या शब्दाची नंदिनीला आस लागली. संध्याकाळी तो तिला वर्ध्याच्या स्टँडवर सोडायला यायचा. दोघं उसाचा रस प्यायचे. आज बोलेल, ती मनाशी म्हणायची. पण त्याच्या गोष्टी रसात बर्फ जास्त पडला इथंच संपायच्या. गाडी सुटली की तो मात्र वळणापर्यंत बघत राहायचा.

बाबारावांनी तिला एकदाच सांगितलं होतं. "नोकरी लागली तं जाजो, मी अडवणार नाई. नाई लागली, तं या उन्हाळ्यात पोरगं पाहतो." शब्दाचा माणूस. नंदिनीला विमानात बसायची हौस नव्हती. छातीवर स्वतःच्या नावाची पाटी लावून चार परक्या माणसांत उभं राहायचं होतं, बस.

फाल्गुनात हैद्राबादच्या विमानतळाहून मुलींची निवड करणाऱ्या बाई आल्या. ऐनवेळी मॅडमनी अश्वजितलाच सोफ्यावर निजवलं. नंदिनीचं सगळं छान झालं. कॉफी सांडली नाही, बोलणं अडखळलं नाही. शेवटी उरलं ते झोपलेल्याला उठवणं. ती मनात हसली. हे तर घरचंच काम!

"सर, आपल्या विमानाची वेळ झाली."

काही नाही.

"सर..."

तिनं कपात चमचा हळूच वाजवला. पडदा थोडा सारला, ऊन त्याच्या तोंडावर आलं. तिसऱ्यांदा 'सर' म्हणून झालं, चौथ्यांदाही. बाईंनी घड्याळात पाहिलं. नंदिनीच्या कपाळावर घाम फुटला... आणि तिनं त्याचा खांदा धरून हलवला. "अश्वजित, ऊठ ना रे!"

बाईंनी कागदावर रेघ ओढली. "अंगाला हात लावला. वरून अरे-तुरे केलं. पुढची मुलगी."

पण नंदिनीनं खांदा धरला तेव्हाच पाहिलं होतं, त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. झोपलेला माणूस असा आवंढा गिळत नाही.

तिची क्लासात राहिलेली पिशवी घेऊन तो स्टँडवर मागोमाग आला.

"तू जागा होता," ती म्हणाली.

"...हो."

"काऊन रे असं केलं?"

"तू गेली असती ना! हैद्राबादले गेलेलं कोण परत येते? मले तू आवडते, नंदिनी. लय आवडते. पहिल्या दिवसापासून." आता तो थांबेना. "उद्याच समुद्रपूरले येतो. तुह्या बाबाले भेटतो. पोरगं पाहायचंच हाय, तं मी हावो ना!"

आणि तो हसला, एखादी मोठी भेट हातात ठेवावी तसा. तीन महिने जे शब्द ऐकायला तिनं जिवाचा कान केला होता ते सगळे आले होते. एकही अडला नव्हता.

"हे काल काऊन नाई बोलला?"

"काल बोललो असतो तं तू थांबली असती काय?"

"नसती थांबली. गेली असती," नंदिनी म्हणाली. "अन् दर सुट्टीले तुह्यासाठी आली असती. तू विचारलंच नाई."

त्याचं हसू मावळलं. समुद्रपूरची गाडी लागली. "मी मॅडमले सांगतो न, माहीच चूक झाली म्हणून..."

"चाल मंग. बाई अजून क्लासातच असन. आत्ता सांग."

अश्वजितनं गाडीच्या पाटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे. "आत्ता... सगळ्यांच्या समोर? लोक काय म्हणतीन वं..."

तिनं त्याच्या हातातली आपली पिशवी काढून घेतली. "उद्या येऊ नको," एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली. वळणापर्यंत तो बघत होता की नाही, तिनं पाहिलं नाही.

घरी बाबाराव ओसरीवर वाट पाहत बसले होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नाई लागली, बाबा."

बाबाराव हळूच म्हणाले, "मंग... पाहू पोरगं?"

नंदिनीनं तोंडावर पाणी मारलं. गळ्यातल्या रुमालानं पुसलं.

"पाहा. फक्त सावंगीचं नका पाहू."