फिदेन्सिओचा स्टार्टर

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण हे घडलंय.

ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं तो नासारिओ केसादा आजही चिहुआहुआ प्रांतातल्या त्याच गावात राहतो. रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर.

रात्र नव्हती. अमावास्या वगैरे काही नाही. मे महिन्यातली रणरणती दुपार होती. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाची आदली दुपार.

सणाला गावातले सगळे ट्रॅक्टर आणि ट्रक कागदी फुलांनी सजवून चर्चसमोर नेतात. पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. नासारिओच्या बापाने आपली छपन्न सालची पिकअप दर सणाला न चुकता नेली होती. बाप हिवाळ्यात गेला. गाडी पोराकडे आली, आणि लगेचच तिचा स्टार्टर, इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, जळला.

बापामागे पहिलाच सण. गाडी न्यायचीच, असं नासारिओने मनाशी ठरवलं होतं.

पण योग्य स्टार्टर मिळता मिळेना. दुकानातला आणला. बोल्ट बसले, दात जुळेनात. भंगारातून दुसरा आणला. तो हुबेहूब दिसायचा. पण चावी फिरवली की...

खर्रर्र...

लोखंडाने लोखंड खाल्ल्यासारखं.

शेवटी उबाल्दो मेकॅनिक आपणहून दारात आला. साठी उलटलेला, तोंडाने फटकळ. गावातली प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हाच हवा होता ना रे तुला?"

"काका! मी अख्खा मुलूख पालथा घातला. तुम्हाला कुठे सापडला?"

"पडला होता गॅरेजमध्ये. नदीचं मूळ विचारू नये लेका. बसव गुमान."

नासारिओने बसवला. असा बसला, जणू त्याच गाडीसाठी घडवलेला. चावी फिरवली. घुर्रर्र... आणि पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू!

त्याच क्षणी लांबून भोंगा ऐकू आला.

रेल्वेचा.

"या वेळेला मालगाडी?" नासारिओ म्हणाला.

उबाल्दो नुसता घाम पुसत राहिला.

नासारिओने गाडी बंद केली. चावी काढून खिशात टाकली. दोघं सावलीत बसले. गार बिअरचा पहिला घोट घशाखाली उतरतोय, तोच...

घुर्रर्र...

गाडीत कुणीच नव्हतं.

घुर्रर्र... घुर्रर्र... घाईघाईने. आत बसलेल्या कुणाचा तरी जीव टांगणीला लागल्यासारखं.

मग शांत.

"वायर चिकटली असेल," उबाल्दो म्हणाला. पण त्याने बाटली खाली ठेवली.

समोरच्या घराचं दार उघडलं. ओतिलिया बाहेर आल्या, गाव त्यांना मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं. फिदेन्सिओची विधवा. नवरा गेल्यापासून ही बाई उन्हात कधी बाहेर पडली नव्हती. कणकेने माखलेले हात तसेच घेऊन त्या रस्ता ओलांडून आल्या.

"हा आवाज कुठून आणलास नासारिओ?"

"आवाज? नवा स्टार्टर बसवलाय, दोन्या ओतिलिया."

"नवा नाही तो. तीस वर्षं रोज सकाळी या आवाजाने मी जागी व्हायचे. माझ्या नवऱ्याच्या गाडीचा आहे हा." बोलताना त्या उबाल्दोकडे पाहत होत्या. "नासारिओ, गाडीखाली बघ. त्याने त्यावर छिन्नीने माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं."

नासारिओ गाडीखाली सरपटला. बोटाने ग्रीस पुसलं.

ओ.

तो तसाच मागे सरपटत बाहेर आला.

फिदेन्सिओ कसा गेला ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याची पिकअप फाटकाशी रुळांवर बंद पडली. दाराची खिट्टी अडकली. तो चावी फिरवत राहिला, पण मालगाडी येऊन धडकेपर्यंत नुसता खर्रर्र... असा आवाज येत राहिला. आणि आदल्याच दिवशी ती गाडी उबाल्दोच्या गॅरेजमधून परत आली होती.

"काका... त्याच्या गाडीतला हा स्टार्टर तुम्ही बदललात?"

"मग? असा माल पुन्हा मिळतो का?" उबाल्दो उसळला. "त्यालाही चालणारा दिला होता की मी! गाडी रुळांवर नेऊन उभी करायला मी सांगितलं होतं? लोखंड आहे ते! लोखंडाला कुणाचं नाव नसतं!"

"नाव आहे," ओतिलिया म्हणाल्या. "माझं."

"थांब म्हातारे, ही गाडी रुळांवरून नेऊन दाखवतो तुला!"

त्याने नासारिओच्या खिशातून चावी हिसकावली. गाडीत बसला. गाडी धुरळा उडवत थेट फाटकाकडे निघाली.

आणि बरोबर रुळांवर बंद पडली.

नासारिओ धावत सुटला. उबाल्दो चावी फिरवताना त्याला दिसत होता. आणि आवाज येत होता...

खर्रर्र...

हा त्या स्टार्टरचा आवाज नव्हता. फिदेन्सिओने मरताना ऐकलेला होता.

उबाल्दो दाराला खांद्याने धडका देत होता. "नासारिओ! दार उघड! ती आली! आली रे ती!"

रूळ रिकामे होते. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत रिकामे.

पण भोंगा वाजत होता. जवळ... आणखी जवळ... पायाखालची खडी थरथरत होती. नासारिओने कान दाबून डोळे मिटले.

वाऱ्याचा एक झोत अंगावरून गेला.

मग काहीच नाही.

गाडीला ओरखडाही नव्हता. काच शाबूत होती. नासारिओने नुसता हात लावला आणि दार अलगद उघडलं. उबाल्दो स्टिअरिंगवर पडला होता. छातीची हाडं चुरा झाली होती, असं डॉक्टरने नंतर सांगितलं. कशाने, ते त्याला सांगता आलं नाही. त्या दुपारी त्या मार्गावरून एकही गाडी गेली नाही, असं रेल्वेवाले म्हणाले.

गाडी रुळांवरून हलवायची होती. नासारिओने भीत भीत चावी फिरवली.

घुर्रर्र... पहिल्याच फटक्यात.

संध्याकाळी त्याने स्टार्टर उतरवला आणि ओतिलियांच्या दारी नेला. त्यांनी तो घेतला नाही.

"ओरडला का तो?"

"हो."

"मदत मागत होता?"

नासारिओने मान खाली घातली.

"माझा फिदेन्सिओही मागत होता," त्या म्हणाल्या, आणि हळूच दार लावून घेतलं.

स्टार्टर आता नासारिओच्या पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. फेकायची त्याची छाती होत नाही. बसवायची तर नाहीच. मध्यंतरी एकदाच त्याने गोणपाट सोडून त्याच्यावर हात ठेवला होता.

लोखंड कोमट होतं...

कुणीतरी नुकतीच गाडी सुरू केल्यासारखं.