गाडी बंद असताना

किल्ली बंद

जुन्या गाडीची बॅटरी रोज उतरत असेल तर शक्यता दोनच. एक तर गाडी चालताना ती भरत नाही, नाहीतर गाडी उभी असताना काहीतरी ती पीत असतं. लोक पहिल्या शक्यतेवरच अडून बसतात. माझ्या वर्कशॉपमध्ये येतात आणि बोनेट उघडायच्या आत निकाल देतात, अल्टरनेटर गेलाय, बदलून टाका.

ताईही तेच म्हणत आली.

"तू गाड्यांची डॉक्टर कधी झालीस?"

"तुझी बहीण आहे, एवढं तर कळणारच. मोठा बसव. जास्त चार्जिंग करणारा."

गाडी भावोजींची. मूळची पांढरी, आता सायीसारखी पिवळट पडलेली. ताडमाड भावोजी ती सीट पार मागे सारून चालवायचे; ते आजारी पडल्यापासून ताईच चालवायची. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यांना घरी आणलं होतं, आणि जिना चढवेना म्हणून तळमजल्यावर, गॅरेजच्या भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवलं होतं. तेव्हा आठवड्याभराची भाषा होती. त्याला आता वर्ष होत आलं. सगळे म्हणायचे, ताईची सेवा.

इंजिन चालू

अल्टरनेटर ठणठणीत होता. दिवे, वायपर, पंखा, सगळं एकदम लावून भार टाकला. मीटरवरचा आकडा जरा खाली बसला आणि परत उठला. पट्टा ताठ. डॅशबोर्डवरचा लाल दिवा वेळेवर विझत होता.

मग इंजिन बंद करून बॅटरीच्या वायरीभोवती दुसरा मीटर अडकवला, बंद गाडीत काही वाहतंय का ते बघायला. काही नाही. घड्याळाला लागतं तेवढंच. गाडी दुपारभर तशीच उभी ठेवली. बॅटरी जशीच्या तशी.

"इथे तर शहाण्यासारखी वागतेय. घरी काय होतं हिला?"

ताईचं लक्ष दाराकडे होतं. "आटप ना. ह्याला झोपेतून उठवायचंय."

"दुपारभर झोपलेत?"

"मी गाडी घेऊन गेले की झोपतो."

मी टायर बघत होते. पार गुळगुळीत. "एवढी जातेस तरी कुठे?"

"कुठे नाही. हिंडवून आणते."

मी तिच्याबरोबर घरी गेले.

किल्ली बंद, घरी

ताईने गाडी उलटी घालून मागचा बंपर भिंतीला टेकेल अशी लावली. किल्ली काढली. मी मीटर अडकवला. आकडा वर चढला आणि तिथेच थांबला.

गळती. चांगली घसघशीत.

एकेक फ्यूज काढत गेले. फ्यूज काढला आणि आकडा पडला, की दोषी तो. सगळे फ्यूज काढून झाले, तळहातावर ढीग झाला. आकडा ढिम्म. अल्टरनेटरची वायर सोडवली, स्टार्टरची सोडवली. आता पॉझिटिव्हला काहीच जोडलेलं नव्हतं. निगेटिव्हची एकच वायर गाडीच्या पत्र्यावर जात होती, आणि तिच्यातून वीज वाहत होती. अर्धंच वर्तुळ, तरी वाहत होती.

मीटर बदलून पाहिला. तेच. उलट दुसरा जास्त बारीक दाखवायचा म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. आकडा स्थिर नव्हता. थोडा वर जायचा, थोडा खाली यायचा. सावकाश. एका लयीत.

भिंतीपलीकडून, उघड्या झरोक्यातून, भावोजींचा आवाज आला. लग्न झाल्यापासून ते मला एकाच नावाने हाक मारतात.

"वायरमन, सापडला का चोर?"

"शोधतेय भावोजी."

"लाजू नकोस, सापडला की पाठव माझ्याकडे. त्याला वि—"

मी निगेटिव्ह टर्मिनल उचललं होतं.

मी वाट पाहिली. खोकला नाही. पलंगाची करकर नाही. फक्त त्यांच्या उशाचा रेडिओ चालू होता, बाजारभाव सांगत.

ताईने माझ्या मनगटावर फटका मारला. "लाव. आधी लाव ते."

लावलं.

"—चारायचंय, एवढी वीज घेऊन करतो काय!" भावोजी स्वतःच्याच विनोदावर हसले.

ताईने माझं मनगट धरलं. मी हळू आवाजात म्हटलं, "घरच्या विजेवर चार्जर लावून ठेव मग."

"लावून पाहिला. नाही चालत. हिंडून आलेलीच लागते." एखादं मूल एकाच वाटीतून जेवतं, हे सांगावं तसं तिने सांगितलं. "आणि गळती बंद करायची नाहीये मला. फक्त चार्जिंग वाढवून दे."

मी फ्यूज परत लावायला घेतले. कुठला कुठे, ते एरवी मला बघावं लागत नाही. त्या दिवशी बघावं लागलं.

भार वाढल्यावर

त्या अल्टरनेटरवर भागेल तेवढं भागवू, असं मी तिला सांगितलं होतं. मग एक दिवस तिचा फोन आला. बॅटरी सकाळपर्यंत पुरत नाहीये.

"मध्यंतरी तापाने पडले होते. गाडी बाहेर काढायलाच जमलं नाही. आता बरी आहे."

बरी दिसत होती. उलट तरतरीत. मी मीटर अडकवला.

गळती दुप्पट झाली होती.

वायरिंग तेच, बॅटरी तीच. कारण सापडेना. मी भंगारातल्या मिनीबसचा अल्टरनेटर आणला होता, जड, दोन हातांनी उचलावा लागणारा. त्याचे बोल्ट लावायचे कान कानशीने घासून तो जागेवर बसेलसा केला.

हे काम शिकायला लागलं की पहिल्या दिवशी सांगतात, आधी निगेटिव्ह काढ. मी काढलं नाही. जिवंत वायरीचं टोक सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलं, पान्याच्या दांड्याला टेप लावली, हातातलं कडं काढून खिशात टाकलं. ताई शेजारी टॉर्च धरून उभी राहिली. आत भावोजी रेडिओबरोबर गुणगुणत होते.

"सूर बघ," ताई म्हणाली. "शेजारी तक्रार करतील."

"तुझ्यासाठी गातायत."

"म्हणूनच म्हणते. ह्याला जरा ताकद आली ना, की आपण तिघं कुठेतरी लां—"

माझं कोपर लागलं. टर्मिनल जुनं, सैल. उडून बाजूला पडलं.

आतलं गुणगुणणं थांबलं. रेडिओ एकटाच गात राहिला.

मी फटक्याची वाट पाहिली.

फटका आला नाही.

टॉर्चचा झोत पट्ट्यावर होता, अजिबात न हलता. ताईचं तोंड अर्धवट उघडं होतं. एक डास तिच्या खालच्या पापणीवर येऊन बसला, डोळ्याच्या कडेने चालत गेला. पापणी लवली नाही.

मी टर्मिनल बसवलं.

"—ब जाऊ. समुद्रावर बिमुद्रावर." तिने डोळा चोळला. "काय गं? अशी काय बघतेस?"

"काही नाही. टॉर्च जरा वर धर."

मी ते टर्मिनल तळहाताला वळ उठेपर्यंत आवळलं.

किल्ली चालू

ताईला मी काही सांगितलं नाही. तिला काही झालं तर गाडी हिंडवणार कोण, म्हणून आता रोज सकाळी मी जाते. रिंगरोडने दोन फेऱ्या मारते, ताई शेजारी बसून भाजी निवडते. मग गाडी भिंतीला लावते आणि वर्कशॉपला येते. मोठा अल्टरनेटर छान चाललाय. चारच दिवसांपूर्वी मोजलं तेव्हा दोघांना पुरून उरत होतं.

हे लिहितेय ती दुपारची वेळ आहे. समोर एका टेम्पोचा अल्टरनेटर उघडून ठेवलाय. टेम्पोवाला स्टुलावर बसून फोनवर बायकोशी भांडतोय. ऊन दारातून माझ्या टेबलापर्यंत आलंय. कार्बन झिजलेत, बदलले की झालं. अशी सरळ कामं मला आवडतात. नीट शोधलं की त्यात काय बिघडलंय ते साप—

—डतंच.

ऊन गेलंय. टेम्पोवालाही गेला, न सांगता. स्टूल आडवं पडलंय.

दारात ताईची गाडी उभी आहे. मागचा बंपर वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून.

बोनेटवर हात ठेवला. गरम.

ताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. गाडी ताबडतोब घरी न्यायला हवी. किल्ली आतच होती. बसले. ताई माझ्याहून बुटकी आहे, तिच्यानंतर मला नेहमी सीट मागे घ्यावी लागते.

आज सीट पार मागे होती. माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात.