छातीच्या आतलं नाव

पटलं नाही तर सोडून द्या. पण सुदर्शन माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री मी स्वतः त्याच्या गावी, बोरी बुद्रुकला होतो. यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं त्यानंच सांगितलंय.

सुदर्शन कळंबच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतो. हात असा, की ठोकलेली गाडी नवी वाटावी. त्याचा चुलतभाऊ अमृत. त्यानं गावच्या गणपती मंडळासाठी इंग्रजी सिनेमातला रोबो करायला घेतला. अंगात घालून चालता येईल असा, माणसापेक्षा हातभर उंच. फोमशीट, पीव्हीसी पाईप, फुटकी पाण्याची टाकी... कापून, तापवून, वाकवून त्यानं एकेक भाग जमवला.

रंगाचं काम सुदर्शनकडं आलं.

कांदा साठवायची बराख तेव्हा रिकामी होती. तिथं तारेला सगळे भाग टांगले. डोकं एकीकडं, छाती मधे, हात पार त्या टोकाला. सुदर्शननं खाचखळग्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला, मग चंदेरी रंग.

संध्याकाळी माणसं बघायला यायची.

"अमृत, लई भारी केलंस राव."

रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

तेवढंही त्यानं पचवलं असतं. पण एकदा त्याची बायको वृषाली चहा घेऊन आली. पहिला कप तिनं अमृतला दिला.

"भाऊजी, तुमच्या हातात जादू हाय."

स्प्रे गन सुदर्शनच्या हातात होती. त्याच्या अंगाची नुसती आग झाली.

सगळे गेल्यावर त्यानं छातीचा भाग उलटा केला. आतून, जिथं घालणाऱ्याची छाती टेकते, तिथं लाल रंगानं स्वतःचं नाव लिहिलं. ट्रकच्या कोपऱ्यात पेंटर लिहितात तसं.

"ह्यात मीच असायला पायजे," तो पुटपुटला. "दुसरं कुणी न्हाई."

मागं तार करकरली...

टांगलेल्या हाताची बोटं मिटलेली होती. दुपारी त्यानंच ती पसरून रंगवली होती.

विसर्जनाला अमृत रोबो घालून मिरवणुकीत उतरला. सगळी गर्दी मोबाईल धरून त्याच्या मागं. सुदर्शन माझ्या शेजारी उभा होता. हे मी मुद्दाम सांगतोय. तो माझ्या शेजारीच होता.

वेशीपाशी रोबो थांबला.

ढोल वाजत होते. तो हलेना.

मग तो दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं ओढायला लागला...

डोकं निघेना. शेवटी पट्टे कापून आम्ही अमृतला बाहेर काढलं. घामानं निथळत होता. सुदर्शनला बघताच तो मागं सरकला.

"दादा, तू हितं कसा? तू तर आत व्हतास. माझ्या कानाशी बोलत व्हतास... निघ म्हणत व्हतास. माझी जागा हाय म्हणत व्हतास."

सुदर्शन घाबरला. पण मला म्हणाला, आधी बरं वाटलं, भीती नंतर आली.

अमृतनं परत त्या रोबोला हात लावला नाही. रोबो पुन्हा बराखीत टांगला गेला. सुदर्शननं छातीच्या आत बघितलं.

नाव नव्हतं. खरवडल्याची खूणही नव्हती.

दिवाळीच्या आसपास तो एका दुपारी ओसरीत जेवत होता. वृषाली वाढत होती. बराखीकडून हाक आली.

"वृषाली..."

आवाज त्याचाच. त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"दमली असशील. च्या सावकाश आण."

इतक्या वर्षांच्या संसारात सुदर्शन तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. वृषालीनं त्याच्याकडं बघितलं, मग बराखीकडं. आणि उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो रोबो जाळायला निघाला. ती बराखीच्या दारात आडवी उभी राहिली.

"त्यांनी काय वाईट केलंय तुमचं?"

मधे मी त्यांच्याकडं गेलो होतो. सुदर्शन ओसरीत बसून बराखीच्या दारावर नजर लावून होता. आतून वृषालीच्या हसण्याचा आवाज येत होता.

"भ्या वाटतंय का रे?" मी विचारलं.

"भ्या कसलं," तो म्हणाला. "जळतंय माझं."

ती रिकामा कप घेऊन बाहेर आली. मग आम्हा दोघांसाठी चहा आणला. एक कप माझ्यापुढं ठेवला. "घ्या भाऊजी."

दुसरा त्याच्यापुढं.

"पावणं, तुमी बी घ्या."

ती चेष्टा करत नव्हती. मी चहा तसाच ठेवून निघालो.

परवा सुदर्शनचा फोन आला. बोरीला ये म्हणाला, किती दिवस झाले म्हणाला, घरच्यांची चौकशी केली. फार गोड बोलला.

सुदर्शन गोड कधीच बोलत नाही.

कुठून बोलतोयस, असं मी विचारलं. तिकडं तार करकरल्यासारखा आवाज आला...

मी फोन कट केला. नंतर तीनदा वाजला. उचललेला नाही.