बर्फावर जाताना काय घालावं

लीड्सच्या बाहेर, मोटरवेच्या कडेला, एका प्रचंड पत्र्याच्या छपराखाली बारा महिने बर्फाचा उतार असतो. बाहेर नुसती भुरभुर चालली होती, ना धड पाऊस ना धड उघडीप... आणि आत बाकावर बसलेली कस्तुरी बुटाशी झटत होती.

बर्फावर घसरायच्या फळीचा, स्नोबोर्डचा बूट तो! दगडासारखा जड, आणि पाय आत जाईल तर शपथ. तिनं ओठ आवळले, दोन्ही हातांनी बूट ओढला, सगळं बळ एकवटून पाय रेटला, आणि तो पाय बुटासकट सुटला तो थेट समोर बसलेल्या माणसाच्या नडगीवर!

समोरचा हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत ओढलेली गळपट्टी असा नखशिखांत झाकलेला. गोरा की आपला, काही कळू नये. पण सवय ती सवय. ‘सॉरी’ म्हणायच्या आधीच कस्तुरीचा हात पुढे झाला, त्याच्या गुडघ्याला लागला आणि तिथून आपल्या छातीशी आला. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा. आईनं लहानपणी लावलेलं वळण ते, मग समोर यॉर्कशर असो नाहीतर वैकुंठ.

आणि काय नवल... त्या माणसाचाही हात आपसूक छातीशी गेला.

“असू दे, असू दे,” गळपट्टीतून आवाज आला.

कस्तुरी थिजलीच. “तुम्ही... मराठी?”

त्यानं गॉगल वर सरकवला. आतले डोळे आधीपासूनच हसत होते. “आईबाबा पुण्याचे. मी इथलाच. अंशुमन. आणि प्लीज, ‘तुम्ही’ नको. माझ्यामागे माझे बाबा उभे आहेत असं वाटतं मला.”

“मी कस्तुरी. नागपूरची. आज पहिलाच दिवस.”

“ते दिसतंय,” तो तिच्या पायांकडे बघत म्हणाला. “किती मोजे घातलेस तू?”

“चार.”

“चार? म्हणजे दोन जोड्या?”

“...चार जोड्या.”

तो असा हसला, की काउंटरवरची मुलगी वळून बघायला लागली. कस्तुरीला राग आला, पण का कोण जाणे, तो टिकेना.

“आईनं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “म्हणाली, बर्फात जातेस, पाय सांभाळ.”

“आईनं कधी केलंय स्नोबोर्डिंग?”

“आमच्या नागपूरला बर्फ फक्त गोळ्यात असतो.”

“मग आईंना सांग, एकच जोडी. पातळ, लोकरीची, गुडघ्यापर्यंत. चार कोंबल्या की पाय आवळतो, रक्त फिरत नाही, आणि मग तो जास्तच गार पडतो.” तो गुडघ्यावर बसला आणि तिच्या बुटाची नाडी सैल करायला लागला. “मी शनिवारी इथे नवीन लोकांना शिकवतो. एरवी हॉस्पिटलमध्ये फिजिओ. म्हणजे इथे पडलेली माणसं सोमवारी परत माझ्याकडेच येतात.”

“धंदा बरा आहे.”

“खूप. आणि या अंगावरच्या शालीच्या आत काय आहे?”

शालीच्या आत स्वेटर होता. स्वेटरच्या आत दुसरा स्वेटर. त्याच्या आत सुती कुर्ता, त्याच्या आत सुती बनियन... कांदा सोलावा तसे थर उलगडत गेले आणि अंशुमन दर थराला मान हलवत गेला.

“अंगाला कॉटन नको. ते घाम पितं, आणि मग दिवसभर ओलं फडकं गुंडाळून फिरायचं. थर्मल घे, वरून हा एक स्वेटर पुरे, आणि त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. लोकरीचे हातमोजेही नको, भिजतात. कानटोपी काढ, तिच्यावर हेल्मेट बसत नाही. आणि जीन्स पण काढ—” तो गप्प झाला. कान लालभडक! “म्हणजे... वॉटरप्रूफ पँट भाड्यानं मिळते. चेंजिंग रूम तिकडे आहे. मी इकडे आहे. मी इकडेच थांबणार आहे.”

“बरं,” कस्तुरी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली.

तिला इथं ओढून आणणारी मनीषा, तिच्याच ऑफिसातली मैत्रीण, एव्हाना जामानिमा करून बर्फावर पोचलीसुद्धा होती. कस्तुरी बदलून आली, तेव्हा अंशुमननं तिच्यापुढे हात पसरला.

“खिसे रिकामे कर. पडलीस की सगळं टोचतं.”

फोन निघाला, किल्ल्या निघाल्या आणि पाठोपाठ एक छोटा स्टीलचा डबा.

“हे काय?”

“डिंकाचे लाडू. थंडीत लागतात.”

“याच्यावर पडलीस तर लाडू मोडेल आणि हाडही.”

“लाडू मोडूनच खातात.”

“मग मोड की एक,” तो म्हणाला.

अर्धा-अर्धा लाडू खाऊन झाल्यावर त्यानं तिच्या मनगटांना कडक पट्टे चढवले. हे तो फार हळू, फार जपून करत होता. “नवीन माणूस पडला की हात टेकतो आणि मनगट जातं. पडायचंच आहे आज, पण हात छातीशी धरून.”

“जपलेच पाहिजेत. मी पेटी वाजवते. इथल्या मंडळात कीर्तन असतं ना, त्याला साथ करते.”

“कीर्तन?” त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “आजोबा न्यायचे मला. बुवांचा उपदेश सुरू झाला की मी झोपलोच.”

“अरे, म्हणजे पूर्वरंगातच झोपलास! गोष्ट तर उत्तररंगात असते. खरी गंमत तीच.”

“मग चुकलीच माझी सगळी गोष्ट,” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “आता कुणीतरी सांगायला हवी...”

बर्फावर पाऊल ठेवण्याआधी कस्तुरी वाकली आणि तिनं बोर्डला हात लावून कपाळाला लावला.

“आता हे का?”

“ज्याच्यावर उभं राहायचं, त्याला आधी विचारावं,” ती म्हणाली.

विचारलं खरं, पण बोर्डानं काही ऐकलं नाही. ती पडली, उठली, पुन्हा पडली. दोनदा तर घसरत येऊन अंशुमनच्याच पायांवर आदळली, आणि दोन्ही वेळा बर्फात बसल्या बसल्या तिनं त्याच्या बुटाला हात लावून नमस्कार केला.

“असंच करत राहिलीस तर संध्याकाळपर्यंत देव होईन मी!”

“मग पाव की जरा!”

“पायाकडे बघू नकोस. जिथं बघशील, तिथं बोर्ड जातो.”

“खोटं. मग मी दर वेळी तुझ्यावरच कशी येते?”

तो नुसता हसला... आणि कस्तुरीला आपण काय बोलून बसलो ते कळायला एक क्षण उशीर झाला.

पुढच्या शनिवारी ती आली, तेव्हा तिच्या पायांत एकच जोडी होती, पिशवीत घरी जाताना घालायला कोरडे कपडे होते. आणि उतारावर एक अजब दृश्य होतं. अंशुमनच्या वर्गातले झाडून सगळे गोरे वाकून आपापल्या बोर्डला नमस्कार करत होते!

“मी सांगितलं, सेफ्टी चेक आहे,” तो तिच्या कानाशी कुजबुजला.

असे शनिवार जात राहिले. ती वळायला शिकली, थांबायलाही शिकली. शिकवून झाल्यावर तो कॉफी आणायचा आणि ती त्याला चुकलेल्या गोष्टी सांगायची. सुदामा मूठभर पोहे लपवतो ती, जनाबाईबरोबर देव दळायला बसतो ती. तो हनुवटीखाली हात धरून ऐकायचा, एकदाही न झोपता.

पण कस्तुरीचं मन काही ठिकाणावर नव्हतं. घरी गेली की पेटीवर बोटं बसेनात. खिडकी उघडावी, लावावी, पुन्हा उघडावी... कारण एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. कंपनी तिला महिनाअखेरीस पार लंडनजवळ, स्लाऊला परत पाठवत होती. इंग्लंडात आली तेव्हा ती स्लाऊलाच होती, मग लेस्टर, मग लीड्स. दर वेळी प्रोजेक्ट संपला की ती बॅग भरायची आणि कुणाला न सांगता निघायची. निरोपाचं तोंडच बघायचं नाही, म्हणजे रडायचं कारण उरत नाही. आजवर हे जमलं होतं.

एका शनिवारी कॅफेत मनीषा सहज म्हणाली, “मज्जा आहे हिची, आता तर उलटंही वळते! स्लाऊला गेल्यावर कोण शिकवणार गं तुला?”

अंशुमननं कप खाली ठेवला. “स्लाऊ?”

मनीषानं कस्तुरीकडे पाहिलं, जीभ चावली आणि चमचा आणायला म्हणून उठून गेली.

“कधी?”

“महिनाअखेर.”

“आणि मला कधी सांगणार होतीस?”

कस्तुरीला खोटं बोलता आलं नाही. “...नव्हते सांगणार.”

त्यानं हेल्मेट उचललं. “माझा क्लास आहे,” एवढंच म्हणाला आणि गेला.

मनीषा थांबते म्हणत होती, पण कस्तुरीनं तिला घरी पाठवलं. आपणही निघावं. बस येईलच. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा उठली. काचेपलीकडे उतारावर तो दिसत होता, कुणा घाबरलेल्या बाईचे दोन्ही हात धरून तिला हळूहळू खाली आणणारा. बाहेर बस येऊन उभी राहिली. इतकं सोपं होतं... आजवर प्रत्येक वेळी इतकंच सोपं होतं.

नागपूरला देवळात कीर्तन चाललं असताना लहानगी कस्तुरी मधेच उठायला बघायची, तेव्हा आई मनगट धरून खाली बसवायची. “आरतीआधी उठू नये गं. अर्धी गोष्ट घेऊन घरी गेलीस तर झोप यायची नाही तुला.”

अर्ध्या गोष्टी. स्लाऊची अर्धी, लेस्टरची अर्धी... सगळ्या बरोबर घेऊन ती गावोगाव हिंडत होती. झोप कुठून येणार?

बस गेली. कस्तुरी खुर्चीत बसली होती.

क्लास संपवून तो आला, तेव्हा कॅफेतल्या खुर्च्या टेबलांवर चढत होत्या. तिला पाहून तो दारातच थबकला.

“तू गेली नाहीस?”

“नाही,” ती म्हणाली. “जाताना कुणाला सांगायची सवयच नाही मला. सांगितलं की जाणं जड होतं.”

“मग आता का सांगतेस?”

“जड व्हावं असं वाटतंय म्हणून.” तिनं एक श्वास घेतला. “स्लाऊला मला जावंच लागेल, अंशुमन. पण तुझ्यापासून जायचं नाहीये. मला... आवडतोस तू. फार.”

तो जवळ आला. केसांवर बर्फाचा चुरा होता, तो विरघळून कपाळावर ओघळत होता.

“मलाही,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. पण मी रागावलोय, कस्तुरी. खरंच रागावलोय. राग इतक्यात नाही जाणार, वेळ लागेल थोडा.”

ती समोरची खुर्ची टेबलावरून उतरवत होती, त्याच्यासाठी.

“बस,” कस्तुरी म्हणाली. “मला वेळ आहे.”