टोपलीखालचं पीठ

दिवाळी सरली होती. कापलेलं धान बांध्यांत वाळत पडलं होतं. मी अंगणात बांबूच्या कांबट्या सोलत बसलो होतो, तेव्हा सोमारी बाई आली.

"देवाजी भाऊ, एक नवी टोपली पायजे."

"कशाले? कोंबड्या झाकाले का मोहा वेचाले?" वीण किती घट्ट घालायची ते कळावं म्हणून मी विचारलं.

ती खाली बसली. "पीठ झाकाले," म्हणाली.

माझा हात थांबला.

कुरखेड्याकडच्या आमच्या गावांत माणूस गेलं की एका रात्री त्याच्या घरात तांदळाचं पीठ पसरतात. त्यावर कोरी टोपली झाकून जवळ दिवा ठेवतात आणि घर रिकामं करतात. पहाटे टोपली उचलली की पिठावर काहीतरी उमटलेलं असतं. कधी पाखराचा पाय, कधी मुंग्यांची रेघ, कधी लहान लेकराची टाच. जीव येऊन गेला असं समजायचं आणि पुढचं कार्य करायचं. ते पीठ मांडायचं काम आधी माझ्या बापाकडे होतं. आता माझ्याकडे आहे.

पण सोमारी बाईच्या घरी कोणी मेलं नव्हतं. तिची पोरगी दीपिका मागच्या वर्षी मंडईच्या रात्री नाहीशी झाली होती.

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. त्या वर्षी आमच्या गावची पोरं-पोरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पलीकडच्या गावी नाटक पाहायला गेली. दीपिका निळा स्वेटर घालून, डोक्याला चपचपीत तेल लावून गेली होती. नाटक सुटलं तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. थंडी फार. सगळी पोरं ट्रॉलीत चादरी डोक्यावर ओढून एकमेकांना चिकटून बसली. तिची मैत्रीण मयुरी सांगते, की दीपिका साऱ्या वाटेनं तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. मध्ये एकदा तिनं झोपेतच विचारलं, "घर आलं का?" गावात ट्रॉली थांबली तेव्हा मयुरी म्हणाली, "उठ ना वं, आलं घर." चादर नुसतीच घसरून खाली पडली. आत कोणी नव्हतं.

मंडईतल्या चहावाल्यानं पोलिसांना वेगळंच सांगितलं. ट्रॉली निघून गेल्यावर निळ्या स्वेटरची एक पोरगी त्याच्या ठेल्यापुढं उभी होती. आमची ट्रॉली गेली का, म्हणून विचारत होती. त्यानं हो म्हटलं, दुधाचं पातेलं उतरवायला वळला, आणि परत पाहिलं तर रस्ता मोकळा.

पोलिसांनी नाले पाहिले, विहिरी पाहिल्या. वनखात्याचे लोक म्हणाले, वाघ असता तर काहीतरी मागे राहिलं असतं. मोबाईल बंद झाला तो बंदच. एक चिंधी मिळाली नाही.

तेव्हापासून सोमारी बाईनं दाराला कडी लावली नाही. पुढचं आणि परसाकडचं, दोन्ही दारं नुसती लोटलेली असायची. रोज एक ताट वाढून झाकून ठेवायची. स्वतःच्या केसांना तेल लावणं तिनं सोडलं होतं. केस वाळल्या गवतासारखे झाले होते.

"अंकुशनं पाठवलं का तुले?" मी विचारलं. अंकुश तिचा मुलगा.

"त्याच्या सोयरिकीचे लोक इचारून राह्यले. घरात सुतक हाये का नाई, थे तरी सांगा म्हणते. मी काय सांगू, भाऊ?"

"ठसा निघाला तं?"

"तं कार्य करीन."

"आन् नाई निघाला तं?"

"तं ताट झाकत राहीन."

ती उठली, पण गेली नाही. जिवंत माणसाचं कार्य केलं तर त्याला घराची वाट सापडत नाही, असं आमच्याकडे मानतात. तिला तीच धास्ती होती.

संध्याकाळी टोपली घेऊन गेलो. अंकुश दारात बसला होता.

"बुढ्या, मांजर घुसली तं माही बहीण मांजर झाली म्हणशीन तू!"

"मांजर टोपली उचलून पुन्हा झाकत नाई, बाबू."

तो हसला. मग तोंड फिरवून काकाच्या घरी झोपायला निघून गेला.

आतल्या खोलीत मी पीठ पसरलं, सुपाच्या कडेनं सारखं केलं. एका कोपऱ्यात माझा अंगठा दाबला. बापानंच शिकवलं होतं. आपली खूण राहू द्यायची, कोणाला सांगायची नाही. कोणी पिठाला हात लावला तर कळतं. मग टोपली झाकली, दिवा लावला आणि समोरचं दार ओढून घेतलं.

पडवीत भिंतीला टेकून मी बसलो. डाव्या हाताला सोमारी बाई. पीठ मांडल्यावर मागे वळून दाराकडे पाहायचं नसतं, आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं. मी घोंगडी अंगावर ओढून अंगणाकडे पाहत राहिलो. तणसाचा ओला वास येत होता. लांब कुठल्यातरी गावी नाटक चालू होतं. वाऱ्यासोबत पेटीचा सूर यायचा आणि तुटायचा. माझा डोळा लागला असावा.

जाग आली तेव्हा पेटी बंद होती. अंगणातलं कुत्रं उठून गेलं होतं. माझ्या डाव्या खांद्यावर डोकं होतं.

बाई थकली, असं वाटलं. वर्षभर धड झोपली नाही बिचारी. मी हललो नाही. घोंगडीतून श्वास लागत होता. गरम. तेलाचा वास येत होता. तो दिव्याचा समजलो.

मग आत टोपली करकरली.

कोरा बांबू थंडीनं करकरतो, ते मला माहीत आहे. पण थोड्या वेळानं टोपली जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. हळूच... जपून.

"बाई..." मी अगदी हळू म्हटलं. "आयकलं का?..."

खांद्यावरचं डोकं जरासं हललं, झोपेतलं लेकरू हलतं तसं. मग पुटपुटल्यासारखा आवाज आला.

"घर आलं का?..."

पोरीचा ध्यास. आई झोपेतही तेच बोलते, असं मला वाटलं. माझं मन भरून आलं.

"नाई वं," मी म्हणालो. "अजून टाइम हाये. झोप..."

डोकं पुन्हा स्थिरावलं.

कोंबडा आरवला तसा खांदा एकदम हलका झाला. बाई उठली असेल म्हणून मी डावीकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. तेवढ्यात माझ्या पाठीशी असलेलं समोरचं दार आतून उघडलं आणि सोमारी बाई बाहेर आली.

"चाला भाऊ, पाहून घेऊ."

मी टोपली उचलली. पीठ कोरं होतं, एखाद्या पाटीसारखं. कोपऱ्यातला माझा अंगठाही नव्हता.

मी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत पांढरं होतं. तिनं काय पुसलं, ते मी विचारलं नाही. आईला तेवढा हक्क आहे.

"कोरं हाये ना, भाऊ?"

"कोरं हाये, बाई."

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बऱ्याच वेळानं झाकलेलं ताट उचलून चुलीकडे निघाली, तेव्हा मी विचारलं, "आत कवा गेल्ती?"

"तुमचा डोळा लागला तवाच. परसाच्या दारानं गेली मी. मंग दिव्यापाशीच बसून राह्यली."

"रातभर?"

"रातभर. काऊन?"

"काई नाई," म्हणालो.

सुतक नाही असा निरोप गेला. अंकुशचं लग्न झालं. ताट अजून झाकलेलं असतं.

त्या सकाळी घरी येऊन घोंगडी उन्हात टाकली, तर डाव्या खांद्यावर तेलाचा गोल डाग होता. आता मंडईच्या दिवसांत ट्रॉल्या माझ्या दारावरून जातात, तेव्हा मी तीच घोंगडी घेऊन अंगणात बसतो, डावीकडे जागा ठेवून. पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, ते मी ठरवून ठेवलं आहे. अजून कोणी विचारलं नाही. डाग मात्र अजून ओला आहे.